न वाकणारा अंगठा

मराठवाड्यात पायाचा अंगठा दुखतो असे कोणाजवळ म्हणून पाहावे. ऐकणारा नात्यातला असो, किराणा दुकानदार असो की एसटीत शेजारी बसलेला अनोळखी प्रवासी असो, 'युरिक ॲसिड तपासलं का?' असे विचारल्याशिवाय तो राहत नाही. त्यामागोमाग सल्ला येतो की तुरीची डाळ बंद करा, टोमॅटो बंद करा आणि पालकाकडे तर पाहूसुद्धा नका. ज्या मुलखात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण खाल्ले जाते आणि जिथल्या लातूरच्या डाळ गिरण्यांतून दूरदूरच्या बाजारपेठांना तूरडाळ जाते, तेथे हा सल्ला म्हणजे अर्धे ताट काढून घेणेच आहे. माझा उजवा अंगठा दुखू लागला तेव्हा हे सारे सल्ले मलाही मिळाले. तपासणीत मात्र युरिक ॲसिड अगदी बेताचे निघाले. अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा झिजला होता, आणि त्यावरचा सर्वांत उपयोगी उपाय औषधांच्या दुकानात नव्हे तर परभणीच्या बसस्थानकाजवळ चपला दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या पेटीत मिळाला. तो कसा आणि का लागू पडला, हे थोडे सविस्तर लिहिण्यासारखे आहे, कारण हा आजार आपल्याकडे पुष्कळांना असतो आणि फार थोड्यांना त्याचे नाव कळते.

चवड्यातील पहिल्या लांब हाडाचे गोल डोके आणि अंगठ्याचे पहिले हाड जेथे मिळतात, तो हा सांधा. त्याच्या खालच्या बाजूला स्नायूंच्या कंडरांमध्ये दोन बारीक हाडे बसलेली असतात आणि चालताना पडणारा भार त्यांच्यावरून पुढे सरकतो. पाऊल टाकून झाल्यावर टाच उचलली जाते, अंगठा जमिनीवर टेकलेलाच राहतो आणि नेमक्या त्या क्षणी हा सांधा वरच्या दिशेने वाकतो. निरोगी सांधा साधारण ६५ ते ७५ अंश वाकतो, काहींचा त्याहूनही अधिक. सपाट रस्त्यावरच्या चालीला ४० ते ६० अंश लागतात. अंगठा असा वर वाकला की टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यातून गेलेला जाड पट्टा ताणला जातो, पायाची कमान उचलली जाते आणि इतका वेळ मऊ, लवचिक असलेले पाऊल ताठ होऊन शरीराला पुढे ढकलते, हे जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली दाखवून दिले. म्हणून हा एवढासा सांधा वाकेनासा झाला की बिघाड अंगठ्यापुरता राहत नाही. माणूस नकळत पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकू लागतो, पावले आखूड पडू लागतात आणि मग पोटरी, गुडघा, कंबर यांच्या तक्रारी सुरू होतात. माझ्या बाबतीत अंगठ्याच्या आधी सँडलने तक्रार केली होती. उजव्या सँडलची करंगळीकडची कड डाव्यापेक्षा किती तरी लवकर झिजत होती आणि मी तो दोष सँडलच्या दर्जाला देत होते.

या आजाराचे वर्णन ब्रिटनमध्ये डेव्हिस-कॉली यांनी १८८७ साली केले आणि त्याच सुमारास कॉटरिल यांनी त्याला 'हॅलक्स रिजिडस', म्हणजे ताठर अंगठा, हे आजही चालणारे नाव दिले. अंगठ्याच्या या सांध्याच्या विकारांत अंगठा शेजारच्या बोटाकडे कलण्याचा विकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्याखालोखाल हा. सांध्यातील हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती हळूहळू विरते, आणि शरीर त्या झिजेला उत्तर म्हणून कडेने नवे हाड वाढवते. ही वाढ मुख्यतः सांध्याच्या वरच्या बाजूला होते, म्हणजे अंगठ्याने जिकडे वाकायचे नेमके तिकडेच. बहुतेक रुग्णांत एकच एक असे ठाम कारण सापडत नाही. काहींना पूर्वी जबर ठेच लागलेली असते किंवा अंगठ्यावर जड वस्तू पडलेली असते. काहींच्या हाडाच्या डोक्याची ठेवणच चपटी असते. आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्या बहुधा दोन्ही पायांत तो उतरतो. बायकांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे. आमच्या आईचे दोन्ही अंगठे असेच ताठ होते आणि सेलूजवळच्या खेड्यात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचेही. पण घरात त्याला 'वात' यापलीकडे कोणी काही म्हटले नव्हते.

ज्या अस्थिरोगतज्ज्ञांनी माझा पाय तपासला, त्यांनी पायाला हात लावण्यापूर्वी माझी दोन्ही सँडले उलटी करून पाहिली आणि मग मला अनवाणी व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून यायला सांगितले. त्यानंतर त्यांनी एका हाताने चवडा घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने अंगठा खाली वाकवला; तो सहज वाकला. वर वाकवायला लागताच थोडे अंतर जाऊन तो एकदम अडला, आणि मी खुर्चीचे हात धरले. सांध्याच्या वर, सँडलचा पट्टा येतो तेथे, एक टणक उंचवटा होता व त्यावरची कातडी घासून लालसर झाली होती. त्यांनी अंगठा सांध्यात किंचित दाबून गोल फिरवला आणि विचारले, 'मधेच दुखतंय का पार शेवटाला गेल्यावर?' शेवटाला, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवून ते कागदावर टिपले. एक्स-रे उभ्याने काढला गेला, कारण झोपून काढलेल्या चित्रात भाराखाली सांध्यातले अंतर किती उरते हे दिसत नाही. बाजूने घेतलेल्या चित्रात हाडाच्या वरच्या कडेला पुढे आलेले टोक स्पष्ट दिसत होते. त्यावर पेन ठेवून डॉक्टर म्हणाले, 'दारापुढं धोंडा ठेवल्यावर दार किती उघडणार? तसंच आहे हे. तुम्ही जोर लावून उघडायला गेलात तर धोंडा हटणार नाही, बिजागरी जाईल.' मी तोवर रोज सकाळी अंगठा हाताने ओढून वर वाकवण्याचा व्यायाम करत होते. तो बंद झाला. त्याऐवजी अंगठा सरळ रेषेत हलकेच पुढे ओढणे, दुखणार नाही इतकाच हलवणे, पोटरीचा ताण मोकळा करणे आणि अंगठ्याने जमिनीवर दाब देऊन त्याचे स्नायू बळकट ठेवणे, एवढे शिकवले गेले.

मधेच दुखते की शेवटी, या प्रश्नाला बराच अर्थ आहे. कॉफलिन आणि शर्नास या अमेरिकी शल्यविशारदांनी २००३ साली या आजाराची शून्य ते चार अशी जी प्रतवारी मांडली, तिच्यात तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतला मुख्य फरक हाच आहे. एक्स-रे दोन्हींचा सारखा दिसू शकतो. पण ज्याला हालचालीच्या मधल्या टप्प्यातही कळ येते त्याच्या सांध्यात वाचवण्यासारखे फारसे उरलेले नसते. केवळ एक्स-रे पाहून घाबरू नये ते यासाठीच. पुष्कळ वाईट दिसणारे सांधे फारसे न दुखता वर्षानुवर्षे चालतात.

आता त्या युरिक ॲसिडविषयी. सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा गाऊट हा खरा आणि कठीण आजार आहे, तो फार जुना आहे आणि त्याला हाच सांधा सर्वांत प्रिय आहे, त्यामुळे लोकांच्या मनात अंगठा आणि युरिक ॲसिड यांची जोडी जमली यात नवल नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९वा अध्याय वातशोणितावर, म्हणजे गाऊटशी मिळत्याजुळत्या रोगावर आहे, आणि हा रोग बहुधा सुकुमार व खाण्यापिण्याचे पथ्य न पाळणाऱ्या माणसांना होतो असे तेथे म्हटले आहे. पण गाऊटचा झटका आणि झिजेचे दुखणे यांची चाल वेगळी आहे. झटका बहुतेक वेळा रात्री येतो. चांगला झोपलेला माणूस पहाटे ओरडत उठतो, सांधा लालबुंद, चकचकीत, गरम होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. चोवीस तासांच्या आत वेदना टोकाला जाते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत अशी निघून जाते की काही झालेच नव्हते असे वाटावे. झिजेचा अंगठा असा रात्रीत पेटत नाही. तो पाऊल उचलताना, चढ चढताना, चवड्यावर बसताना दुखतो आणि पाय पसरून बसले की शांत होतो.

युरिक ॲसिडच्या आकड्यावर सगळा निकाल लावणे हे तर दोन्ही बाजूंनी फसवे आहे. रक्तात ते दर १०० मिलिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याचे स्फटिक होऊ शकतात, पण ज्यांचा आकडा वाढलेला असतो त्यांतल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही, आणि केवळ आकडा वाढला म्हणून, काही त्रास नसताना, गोळ्या सुरू करणे सहसा योग्य समजले जात नाही. उलट ऐन झटक्यात तपासले तर तो आकडा सामान्यही निघू शकतो. म्हणून झटका ओसरून दोनेक आठवडे झाल्यावर तपासणी पुन्हा करावी लागते. खरी खूण सांध्यातल्या पाण्यात असते. सुईने ते काढून विशिष्ट प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की सुईसारखे टोकदार स्फटिक दिसतात. आणखी एक गुंता असा की झिजलेल्या सांध्यात हे स्फटिक साचण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे एकाच अंगठ्यात दोन्ही आजार नांदू शकतात. ज्यांना वारंवार झटके येतात त्यांनी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट यांसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या मात्रेने सुरू करून युरिक ॲसिड ६ च्या खाली आणावे लागते आणि ते औषध झटका थांबला म्हणून मधेच सोडायचे नसते. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले तर गोळी ताबडतोब बंद करून डॉक्टर गाठावा, हे मात्र दुकानदार सांगत नाही.

आणि डाळ? अमेरिकेत सुमारे ४७,००० पुरुषांच्या आहाराचा १२ वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊटचे प्रमाण वाढलेले दिसले, दूध-दह्याने ते कमी झालेले दिसले, आणि ज्या भाज्या-शेंगांमध्ये प्युरीन (ज्याचे शरीरात युरिक ॲसिड होते ते द्रव्य) अधिक म्हणून त्यांच्यावर बंदी घातली जाते त्यांचा गाऊटशी संबंध आढळला नाही. बिअर, दारू आणि साखरेची थंड पेये यांचा मात्र निश्चित संबंध आहे. आपल्याकडे गंमत अशी होते की घरातल्या बाईची डाळ बंद होते आणि ती आधीच कमी असलेल्या प्रथिनांना मुकते, तर धाब्यावर बसणाऱ्या पुरुषाला बिअर सोडायला कोणी सांगत नाही. झिजेच्या अंगठ्याचा तर डाळीशी दुरूनही संबंध नाही. मी वरण पुन्हा सुरू केले. त्याने अंगठ्याचे दुखणे वाढले नाही की कमीही झाले नाही.

बाकीच्या शक्यता थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. आमवातात दोन्ही हातापायांचे अनेक लहान सांधे एकाच वेळी सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तासाभराच्या वर टिकतो. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलून आतल्या कडेला हाड बाहेर आले असेल तर तो वेगळा विकार आहे. सांधा सुजून ताप भरला, किंवा मधुमेही माणसाच्या पायावर जखम दिसली, तर वाट पाहायची नाही.

आपल्या राहणीत हा सांधा किती ठिकाणी वापरला जातो, हे तो बिघडल्यावर कळते. उकिडवे बसताना ज्यांच्या टाचा जमिनीला टेकतात त्यांच्या अंगठ्याला फारसा ताण पडत नाही. पण खुरपणीत पात धरून चवड्यावर पुढे पुढे सरकणाऱ्या बायकांचा अंगठा दिवसभर पूर्ण वाकलेला असतो. माझ्या बहिणीची तीस-चाळीस पावसाळ्यांची शेती अशीच झाली. माझ्या शेजारच्या चाचांना हा त्रास सुरू झाला तो नमाजेत. सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकताना, दोन्ही पायांची बोटे आणि बैठकीत उजव्या पायाची बोटे किब्लाकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, वळवून टेकवायची असल्याने अंगठ्याला अगदी टोकापर्यंत वाकावे लागते. दुखणाऱ्याला सवलत आहे, असे इमामांनी सांगूनही खुर्चीवर बसून नमाज पढायला त्यांचे मन बराच काळ तयार होत नव्हते. मोटरसायकलचा गिअर पंजाने वर उचलताना तो लिव्हर नेमका त्या उंचवट्यावर लागतो. माहूरगडावर रेणुकेच्या पायऱ्या चढताना सवयीने आपण पुढचा चवडाच पायरीवर ठेवतो आणि अंगठ्यावर जोर देऊन वर जातो. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवून, कठड्याचा आधार घेऊन चढले तर तीच चढण बरीच सुसह्य होते.

पादत्राणाविषयी मात्र मला सावकाश लिहायचे आहे. पाय दुखतो म्हटले की आपण मऊ चप्पल घेतो. एमसीआर नावाच्या मऊ, सच्छिद्र रबराची चप्पल आता तालुक्याच्या दुकानातही मिळते. हे रबर दक्षिणेत वेल्लोर परिसरात संवेदना गमावलेल्या कुष्ठरुग्णांच्या पायांना जखमा होऊ नयेत म्हणून वापरात आले आणि मधुमेहींच्या पायांसाठी ते आजही उत्तम आहे. टाचदुखीलाही मऊपणा मानवतो. पण न वाकणाऱ्या अंगठ्याला मऊ तळ हा शत्रू आहे, कारण तळ जेवढा सहज दुमडतो तेवढा तो अंगठ्यालाही दुमडायला लावतो. येथे हवा असतो कडक तळ, जो चवड्याशी वाकणारच नाही, आणि त्याला खालून अशी गोलाई हवी की शरीर पुढे जाताना पाऊल आपोआप पुढे लोळावे. सांध्याने जी हालचाल करायची ती तळाच्या गोलाईने करायची, एवढेच यामागचे तत्त्व. ऑस्ट्रेलियात याच आजाराच्या रुग्णांवर केलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बुटात घालायच्या कार्बन फायबरच्या कडक पट्टीने १२ आठवड्यांत तुलनेसाठी दिलेल्या नावापुरत्या पट्टीपेक्षा वेदना अधिक कमी झाली असे आढळले. तसे तयार बूट मोठ्या शहरांत मिळतात, पण त्यांची किंमत आणि आपला उन्हाळा दोन्ही पाहता परभणीत वर्षभर बंद बूट घालणारी बाई मला तरी माहीत नाही.

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दिली होती. ती घेऊन मी बसस्थानकाजवळच्या काकांकडे गेले तेव्हा पायात एमसीआरचीच चप्पल होती. त्यांनी ती हातात घेतली, दोन्ही टोके धरून दुमडली आणि म्हणाले, 'ही तर दुमडायलीय ताई, मग पायबी दुमडणारच की.' मग माझे रुंद पंजाचे, मागून पट्टा असलेले सँडल त्यांनी मागून घेतले. रापीने तळ उकलला, एका जुन्या बुटातून काढून ठेवलेली पोलादी पट्टी टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत येईल अशी आत बसवली, सोल्युशन लावून तळ पुन्हा चिकटवला आणि कडेने शिवण घातली. त्यानंतर टायरचा एक तुकडा आडवा कापून त्यांनी तळाखाली चवड्याच्या रेषेवर लावला व मला चालायला सांगितले. दुखले. मी पुन्हा आकृती दाखवली. गोलाईचा उंच भाग सांध्याच्या बरोबर खाली नको होता, सांध्याच्या थोडा मागे हवा होता. त्यांनी मला सँडल घालून उभे केले, अंगठ्याच्या बुडाशी खडूने रेघ मारली, टायरची पट्टी उपटून त्या रेघेच्या बोटभर मागे सरकवली आणि तिचा पुढचा भाग टोकापर्यंत रापीने उतरता तासत नेला. या वेळी टाच उचलल्यावर पाऊल पुढे कलंडले आणि अंगठा जिथल्या तिथे सरळ राहिला. उंची सारखी राहावी म्हणून दुसऱ्या सँडललाही तेवढाच तळ त्यांनी चढवला, आणि उंचवट्यावर घासणारा पट्टा सैल करून त्याखाली मऊ चामड्याची अस्तरपट्टी दिली.

हे सँडल देखणे नाही. ओल्या फरशीवर ते जपून वापरावे लागते, आणि तोल जाणाऱ्या वृद्ध माणसांनी असा गोल तळ कोणी सोबत असताना घरात चालून पाहिल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये. पण वर्गात फळ्यासमोर उभे राहून शिकवल्यानंतर पायऱ्या उतरताना जी कळ मला पूर्वी थांबवत असे, ती आता क्वचितच येते. तयार पादत्राण घेताना दोन गोष्टी पाहाव्यात असे माझे मत झाले आहे: हाताने दुमडून ते चवड्याशी वाकते का, आणि टेबलावर ठेवून पुढचे टोक दाबले तर ते लोळते का. उंच टाच नकोच. अंगठ्यात कडी असलेली चप्पल पायात टिकवण्यासाठी अंगठा सतत आवळावा लागतो, म्हणून तीही नको. कोल्हापुरी चपलेचा तळ पुरेसा कडक असला तरी तिची कडी या पायाला सोसत नाही.

वेदनाशामक गोळ्यांचे स्थान मर्यादित आहे. सुरुवातीला लावायची जेल किंवा पॅरासिटामॉल, आणि दुखणे चढले तर थोडे दिवस डायक्लोफेनॅकसारखी गोळी, हा क्रम साधारण मान्य आहे. परंतु मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना, पाणी कमी पिऊन, रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्या जोडीला ही औषधे रोज घेतली तर मूत्रपिंडांवर घाव पडतो, आणि आपल्याकडे शेतावर काम करणारी माणसे नेमकी हेच करतात. आपल्या आकाशातून गिधाडे नाहीशी झाली ती याच औषधामुळे, हे अनेकांना ठाऊक नसते. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि युरिक ॲसिड त्यांच्या आतड्या-काळजावर साचून ती मरत, असे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी घातली.

त्याहून भीती मला पुड्यांची वाटते. आठवडी बाजारात वातावर म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुडीने दोन दिवसांत माणूस पळायला लागला, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्यावी. चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हा त्याचा पुढचा हिशेब असतो. तज्ज्ञाने मोजून-मापून सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन ही वेगळी गोष्ट. त्याने काही आठवडे वा महिने आराम पडतो, पण ते वरचेवर घ्यायचे नसते आणि झीज जितकी पुढची तितका त्याचा उपयोग कमी. सांध्यात 'वंगण' भरण्याची महागडी इंजेक्शने या अंगठ्यासाठी सुचवली गेली तर जरा थांबावे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत ती खोट्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरली नाहीत.

एवढ्यावर बहुतेकांचे निभते का? अमेरिकेतील ७७२ रुग्णांच्या नोंदींचा २००२ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ५५ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेवाचून आराम पडला होता. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. उरलेल्यांसाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. सांध्यात कूर्चा शिल्लक असेल आणि दुखणे हालचालीच्या शेवटच्या टप्प्यातच असेल, तर वर वाढलेले हाड आणि डोक्याचा वरचा चतुर्थांश ते तृतीयांश भाग कापून वाट मोकळी करतात. सांधा शाबूत राहतो आणि थोड्याच दिवसांत हालचाल सुरू करता येते. सांधा पार गेला असेल तर दोन्ही हाडे पट्टी आणि स्क्रूंनी एकत्र जोडून सांधाच मिटवतात. ऐकणाऱ्याला हे क्रूर वाटते. गुडघ्याची वाटी बदलतात मग अंगठ्याचा सांधा का बदलत नाहीत, असे मीही विचारले होते. कृत्रिम सांधे आहेत, पण २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरोतील चाचणीत सांधा जोडलेले रुग्ण सांधा बदललेल्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. आणि ज्या कृत्रिम कूर्चेच्या तुकड्याला अमेरिकेत २०१६ साली मोठ्या आशेने मान्यता मिळाली, तो उत्पादकाने २०२४ साली बाजारातून परत घेतला.

माझ्या बहिणीला हालचालीच्या मधल्या टप्प्यातही कळ येत होती, तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा संभाजीनगरला जोडला गेला. शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी शल्यविशारदांनी तिला मशेरी सोडायला लावली, कारण तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो व कधी ते जुळतच नाही; साखरही आटोक्यात असल्याची खात्री करून घेतली. मशेरी सुटणे हा त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग होता, असे ती अजून सांगते. त्यानंतर त्यांनी तिला पायात काय घालतेस, घरात कशी वावरतेस, असे विचारले. सांधा एकदा जोडला की त्याचा कोन कायमचा ठरतो. तो जमिनीपासून साधारण १० ते १५ अंश वर ठेवतात, पण टाचेचे बूट घालणारीला तो थोडा जास्त लागतो आणि अनवाणी वावरणारीचा फार वर राहिला तर अंगठा नुसता अधांतरी राहतो व बुटात वरून घासतो. 'मला कुठं टाचंचं घालून मिरवायचंय डॉक्टरसाहेब, घरात मी अनवाणीच असते,' असे ती म्हणाली, आणि त्यांनी ते लिहून घेतले. शस्त्रक्रियेत स्क्रू घट्ट करण्यापूर्वी तळव्याला सपाट ताट लावून, उभ्या पायाची स्थिती आणून, अंगठा कसा टेकतो हे पाहतात.

हाड जुळेपर्यंतचे आठवडे तिने टाचेवर भार देणारे खास पादत्राण घालून काढले. आता अंगठ्याचे पुढचे पेर हलते, मागचा सांधा हलत नाही आणि दुखतही नाही. बाजाराला, लग्नाकार्याला ती चालत जाते. चवड्यावर बसून खुरपणे मात्र कायमचे सुटले, भाजी निवडायला ती पाटावर बसते आणि सुनेच्या हाती खुरपे गेले, ज्याबद्दल सुनेचे काय मत आहे ते मी विचारलेले नाही. डाव्या अंगठ्यासाठी तिने काकांकडून माझ्यासारखेच सँडल करून घेतले. माझ्या पायाचा उभ्याने एक्स-रे पुढच्या वर्षी पुन्हा काढायचा आहे. कळ तेव्हाही शेवटच्या टप्प्यापुरतीच राहिली असेल, तर फक्त वरचे हाड काढून घ्यायचे की टायरच्या पट्टीवरच भागवायचे, हा निर्णय डॉक्टरांनी माझ्यावर सोडला आहे.